एक रावण, पाच लेणी : वेरूळच्या एका मूर्तिशास्त्र अभ्याससहलीचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका संस्थेने काढलेल्या वेरूळच्या अभ्याससहलीला मी गेलो होतो. शनिवार-रविवार असे दोन दिवस, मध्ये संभाजीनगरला एक मुक्काम, अठ्ठावीस जणांची बस, माणशी सात हजार आठशे रुपये, आणि विषय फक्त एकच : हिंदू लेण्यांतील मूर्तिकला व तिचा अर्थ. संस्थेचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत. हे परीक्षण लिहिण्यामागे हेतू इतकाच आहे की, अलीकडे वाढलेल्या अशा सहलींपैकी एखादी निवडताना नेमके काय पाहावे याचा कुणाला तरी अंदाज यावा.

मी याआधी वेरूळला तीनदा गेलो होतो. एकदा शाळेच्या सहलीतून, एकदा घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो असताना वाटेत म्हणून, आणि एकदा परदेशातून आलेल्या भाचरांना दाखवायला. तिन्ही वेळी मी कैलास लेण्याच्या अंगणात हत्तीपाशी उभा राहिलो, मान वर करून 'काय हे अद्भुत' असे म्हणालो आणि परत आलो. मूर्तीसमोर उभे राहून तिच्याशी काय बोलायचे हे न कळणारा जो मोठा प्रेक्षकवर्ग आहे, त्यातलाच मी एक. त्यामुळे या सहलीची माझी कसोटी साधी होती : या वेळी मला काही वाचता आले का? उत्तर 'हो' असे आहे, पण ते पहिल्या दिवसापुरते निर्विवाद आणि दुसऱ्या दिवसापुरते अर्धेमुर्धे आहे.

सहलीची आखणी करणाऱ्याने एक गोष्ट फार शहाणपणाने केली होती. वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. त्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. नेहमीच्या सहलीत यांतली जास्तीत जास्त पदरात पाडून घेण्याची घाई असते. इथे मात्र दोन दिवसांत केवळ पाच लेणी ठेवली होती : एकोणतिसावे धुमार लेणे, एकविसावे रामेश्वर, चौदावे म्हणजे लोक ज्याला 'रावण की खाई' म्हणतात ते, पंधरावे दशावतार आणि सोळावे कैलास. या पाचांची निवडही सहज केलेली नव्हती. पाचही लेण्यांत एक प्रसंग समान आहे, तो म्हणजे कैलास पर्वत उचलू पाहणारा रावण. एकच कथा वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या जागी कोरली की काय बदलते आणि काय बदलत नाही, हे पाहत जायचे, आणि त्या निमित्ताने बाकीच्या मूर्तींकडेही पाहायला शिकायचे, असा हा बेत होता. मार्गदर्शनासाठी मूर्तिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापिका होत्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत होते, मीही तसेच म्हणतो.

बस पहाटे साडेपाचऐवजी साडेसहाला सुटली. दोन सहप्रवासी वेळेवर आले नाहीत म्हणून उरलेल्या सव्वीस जणांना रस्त्याच्या कडेला थंडीत उभे राहावे लागले. हा एक तास पुढे फार महागात पडला, ते नंतर सांगतो.

बाईंनी बसमध्ये माइक हातात घेतला तेव्हा मला वाटले की आता राजांच्या वंशावळी सुरू होणार. तसे झाले नाही. त्यांनी सुरुवात विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या एका संवादाने केली. वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवण्याचे शास्त्र शिकायला जातो. ऋषी म्हणतात की त्यासाठी आधी चित्रकला यायला हवी. चित्रकलेसाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन यायला हवे. म्हणजे दगडाकडे जायचे तर सुरुवात गाण्यापासून. हा संवाद मी पूर्वी कुठे तरी ऐकलेला होता, पण त्याचा व्यवहारातला अर्थ बाईंनी चहाच्या थांब्यावर दाखवला. आमच्यातल्या एका स्थूल, हसतमुख गृहस्थांना त्यांनी ढाब्याच्या अंगणात त्रिभंगात उभे केले. सगळा भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल, मग कमरेतून एक वळण, खांद्यातून दुसरे आणि मानेतून तिसरे. ज्या पायावर भार पडतो त्या बाजूची कंबर वर सरकते आणि खांदा खाली उतरतो, हे त्या गृहस्थांच्या शर्टाच्या तिरक्या झालेल्या शिवणीवरून आम्हाला स्पष्ट दिसले. गृहस्थांना तोल सावरेना, लोक हसले, आणि बाई म्हणाल्या, "आता आपला विठोबा आठवा. दोन्ही पायांवर सारखा भार, कुठेही वळण नाही. त्याला समपाद म्हणतात. देव ताटकळत उभा आहे, नाचत नाही, निघून जात नाही, हे सांगायला शिल्पकाराला शब्द लागत नाहीत." पंढरपूरला आयुष्यभर जाणाऱ्या माणसांना समचरण या शब्दाचा देहाशी असलेला संबंध असा ढाब्यावर कळावा, याचे मला कौतुक वाटले.

दुपारी जेवण उरकून आम्ही धुमार लेण्यात पोहोचलो. हे लेणे तीन बाजूंनी उघडे असल्याने आत उजेड भरपूर येतो, आणि वेरूळची डोंगररांग पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरचे ऊन शिल्पांवर तिरके पडते. पायऱ्यांवर सिंह बसवलेले आहेत. आतल्या चौकोनी गाभाऱ्याला चारी दिशांना दारे असून प्रत्येक दाराशी माणसाहून कितीतरी उंच द्वारपाल उभे आहेत. घारापुरीचे लेणे पाहिलेल्यांना इथे एकदम ओळखीचे वाटते. बाईंनी पहिल्या वीस मिनिटांत काहीच सांगितले नाही. प्रत्येकाने रावणाच्या पटासमोर बसायचे, पुस्तिका पिशवीत ठेवायची आणि जे दिसते ते फक्त मोजायचे, अशी आज्ञा होती. मी मोजू लागलो. वर मध्यभागी शंकर, शेजारी पार्वती, बाजूला सेवक आणि गण, खाली कोंडल्यासारखा रावण, आणि या दोहोंच्या मध्ये पर्वत. तो पर्वत पर्वतासारखा नव्हताच. विटा रचाव्यात तसे कोरलेले दगडाचे ठोकळे होते. वीस मिनिटांनंतर पहिला प्रश्न आला तो हाच : डोंगर असा का? बाईंचे उत्तर होते की शिल्पकाराला डोंगराचे चित्र काढायचे नव्हते, 'इथे डोंगर आहे' अशी खूण करायची होती. ज्याला पाणी दाखवायचे त्याने कमळ आणि मासा कोरावा, ज्याला आकाश दाखवायचे त्याने उडणारे गंधर्व कोरावेत, त्यातलाच हा प्रकार. एकदा ही खुणांची भाषा आहे असे मान्य केले की 'हुबेहूब नाही' ही तक्रार आपोआप गळून पडते.

कथा सर्वांना ठाऊक होती, तरी तिचा शेवट अनेकांच्या लक्षात नव्हता. पुष्पक विमान कैलासापाशी अडले म्हणून संतापलेला रावण पर्वतच उखडायला जातो. शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो. रावण खाली चिरडला जातो, आक्रोश करतो, मग स्तुती करतो, आणि प्रसन्न झालेला शंकर त्याला 'रावण' हे नाव आणि चंद्रहास खड्ग देतो. फलकांवर आणि बोलण्यात आपण या पटाला 'कैलास हलवणारा रावण' म्हणतो. मूर्तिशास्त्रातले त्याचे नाव मात्र 'रावणानुग्रह' आहे. मला या सहलीत मिळालेली पहिली खरी गोष्ट ती हीच. एका नावात रावणाचा उन्माद आहे, दुसऱ्यात शिवाची कृपा. दगड तोच, पण कोणत्या नावाने पाहतो त्यावर डोळा खाली जातो की वर, हे ठरते. आणि अंगठ्याचा तो दाब एकाच वेळी शिक्षाही आहे आणि अनुग्रहही, हे दाखवण्यासाठीच शंकराच्या चेहऱ्यावर रागाची एक रेषाही नाही.

रामेश्वर लेण्यात ओसरीच्या टोकाला मकरावर उभी असलेली गंगा आहे. समोर चौथऱ्यावर नंदी आहे. गंगेपाशी बाईंनी जवळजवळ अर्धा तास घालवला, आणि तो सार्थकी लागला असे मी म्हणेन. नदी दारापाशी का उभी करतात, हा त्यांचा प्रश्न होता. कुणी म्हणाले शोभेसाठी, कुणी म्हणाले पूजेसाठी. आमच्यातल्या एका आजींनी बरोबर ओळखले : "पाय धुतल्याशिवाय देवळात जायचं नाही, म्हणून." उंबरठ्याशी नदी उभी केली की आत शिरणारा प्रत्येक जण स्नान करूनच आत जातो, मग त्याने पाणी पाहिलेले असो वा नसो. पुढे घरी आल्यावर मी आमच्या गावच्या जुन्या देवळाच्या द्वारशाखेवरच्या झिजलेल्या आकृती नीट पाहिल्या, तर तळाशी त्याच दोघी, गंगा आणि यमुना, उभ्या होत्या. चाळीस वर्षे मी त्यांच्या शेजारी चपला काढत आलो होतो.

याच लेण्यात शिवपार्वतीच्या विवाहाची कथा आहे. अग्नींच्या मध्ये उभी राहून तप करणारी पार्वती, तिच्याकडे तपस्व्याच्या रूपात आलेला शंकर, आणि मग पाणिग्रहण. लग्नाच्या पटात पौरोहित्याला ब्रह्मदेव आहे. आणि या गंभीर, शुभ पटांच्या जोडीलाच सारीपाट खेळणारे शिवपार्वती आहेत, ज्यांच्या खालच्या पट्टीत नंदीच्या खोड्या काढणाऱ्या टवाळ गणांची झुंबड उडालेली आहे. या गणांकडे मी नुसता पाहत राहिलो. वर जगाचे आईबाप डाव मांडून बसलेत आणि खाली ही कार्टी बैलाला सतावताहेत. कुठल्याही वाड्याच्या ओसरीवर दिवाळीच्या दुपारी दिसावे असे दृश्य. बाईंचे म्हणणे असे की देवाला घर दिले, संसार दिला, रुसवाफुगवा दिला, की त्याचे देवपण कमी होत नाही, उलट भक्ताला आत शिरायला दार मिळते. मी त्यात इतकीच भर घालीन की विनोद कोरायला जो आत्मविश्वास लागतो, तो केवळ भव्य कोरायला लागत नाही.

पहिल्या दिवसाबद्दल, बसचा उशीर सोडला तर, माझी तक्रार शून्य. सर्वांना मधूनमधून बसायला मिळाले, वयस्करांसाठी संस्थेने घडीच्या छोट्या खुर्च्या आणल्या होत्या, आणि मूर्तींना हात लावू नका हे एका कार्यकर्त्याने न ओरडता, हळू आवाजात प्रत्येक लेण्यात सांगितले. हॉटेल स्वच्छ होते. जेवणाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. जे पनीर पुण्यात मिळते तेच तिथे मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदावे लेणे. इथे नियोजनातली पहिली मोठी चूक उघड झाली. पश्चिमाभिमुख लेण्यात सकाळी उजेड नसतो. ज्यांनी पहिल्या दिवशी उन्हाचा इतका विचार केला होता, त्यांनी दुसऱ्या दिवशी तो केलाच नव्हता. अठ्ठावीस माणसांत मिळून संस्थेची एक विजेरी होती आणि ती बाईंच्या हातात होती. त्यामुळे ज्यांना पुढे जागा मिळाली त्यांना सप्तमातृका दिसल्या, मागच्यांना बाईंचा आवाज ऐकू आला.

मी सुदैवाने पुढे होतो. या मातृका एका ओळीत बसलेल्या आहेत. बहुतेकींचे चेहरे फुटलेले आहेत. चेहरा नाही तर ओळखायचे कसे? बाईंनी विजेरीचा झोत चेहऱ्यांवरून काढून आसनाखाली नेला. तिथे प्रत्येकीचे वाहन कोरलेले आहे. हंस दिसला की ब्राह्मी, बैल दिसला की माहेश्वरी, मोर असेल ती कौमारी, गरुड असेल ती वैष्णवी, वराह म्हणजे वाराही, हत्ती म्हणजे इंद्राणी, आणि राहिली ती चामुंडा. त्यांच्याजवळ बाळे आहेत. रणांगणात असुरांना खाणाऱ्या या देवतांच्या मांडीवर मूल ठेवण्याचे धाडस ज्या परंपरेने केले, तिला आईपण म्हणजे नुसती माया असे वाटत नव्हते. आमच्यातल्या एका काकांनी "या आमच्या साती आसरा" असे म्हणून हात जोडले. बाईंनी त्यांना तोडून टाकले नाही. साती आसरा या पाण्याच्या काठच्या लोकदेवता, मातृका या पुराणातल्या. दोघींची कूळकथा वेगळी, पण सात जणींचा थवा आणि लेकराबाळांशी असलेले नाते यांमुळे लोकमनात त्या एकमेकींजवळ येऊन बसल्या, असे त्यांनी समजावले. चांगला शिक्षक कसा दुरुस्ती करतो, त्याचा तो नमुना होता.

याच लेण्यात महिषासुरमर्दिनीही आहे. इथला महिष पूर्ण पशुरूपात आहे आणि देवीने त्याच्यावर पाय रोवला आहे. लढाई संपल्यात जमा आहे. कैलास लेण्यात हाच विषय अगदी वेगळा येतो. तिथे देवी सिंहावर स्वार आहे, समोर शिंगे असलेला मनुष्यरूपी महिष शस्त्र घेऊन उभा आहे, भोवती सैन्य आहे आणि निकाल लागायचा आहे. एका शिल्पकाराने विजय निवडला, दुसऱ्याने युद्ध. हा फरक बाईंनी सांगितला खरा, पण दोन्ही पटांमध्ये आम्ही इतके धावत होतो की तो मला रात्री घरी आल्यावर कळला.

धावत होतो याचे कारण वेळापत्रक. आदल्या पहाटे गेलेला तास भरून काढण्यासाठी शनिवारी संध्याकाळी व्हायचा उजळणीचा वर्ग रविवारी सकाळी न्याहारीनंतर घेतला गेला, आणि त्याची किंमत दशावतार लेण्याने मोजली. या लेण्याच्या बाहेरच्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे. वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या भिंतीवर शिवाचे आणि दक्षिणेकडच्या भिंतीवर विष्णूचे पट समोरासमोर आहेत. एवढ्या मोठ्या दालनाला पंचवीस मिनिटे मिळाली. त्यांतली दहा नरसिंहापाशी गेली, आणि ती मी विसरणार नाही. आपल्या डोळ्यांसमोरचा नरसिंह नेहमी मांडीवर घेऊन पोट फाडणारा असतो. इथे ते अजून घडलेले नाही. हिरण्यकशिपूच्या हातात ढाल-तलवार आहे, आणि नरसिंहाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आहे. जुना मित्र भेटावा तसा. त्या एका हाताच्या स्पर्शात सगळा वध आलेला आहे. दिवस नाही, रात्र नाही. घर नाही, अंगण नाही. अशा सांध्यावर मरण लिहिलेल्या माणसाला कोरायचे तर मरणाच्या आधीचा सांधाच निवडायला हवा होता, हे त्या अनाम कारागिराला कळले होते. या लेण्यातला रावण मात्र आम्ही चालता चालता पाहिला. पाच रावणांच्या सहलीत एक रावण चालता चालता पाहावा लागणे, ही साधी गैरसोय नव्हे. ज्या सूत्रासाठी पैसे घेतले, तेच सूत्र तिथे तुटले.

मग कैलास. इथे सव्वादोन तास मिळाले, पण रविवारच्या ऐन गर्दीत. अंगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, मागचा कडा ३० मीटरांहून अधिक उंच, आणि हे सगळे वरून खाली कोरत आणलेले. कळस आधी, पाया शेवटी. ही माहिती सगळ्यांना असते. बाईंनी माहितीत वेळ घालवला नाही, पण बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूट घराण्यातील कर्कराजाच्या इ.स. ८१२-१३ च्या ताम्रपटाचा उल्लेख केला. त्यात एलापुरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराबद्दल म्हटले आहे की, विमानातून जाणाऱ्या देवांना ते माणसाने घडवलेले वाटेना, स्वयंभू वाटले. आणि घडवणाऱ्या स्थपतीलाच प्रश्न पडला की हे माझ्या हातून झाले तरी कसे. राजाची स्तुती करायला बसलेल्या कवीने कारागिराचा विस्मय नोंदवून ठेवावा, हे मला फार मोलाचे वाटले.

याच्या अगदी उलट अनुभव संस्थेच्या तरुण साहाय्यकाचा आला. बाई पुढच्या गटाबरोबर असताना तो मागच्या गटाला लाखो टन दगड, अठरा वर्षे, परग्रहवासी असे मोबाइलवरचे ज्ञान वाटत होता. कोणत्याही शिलालेखात वर्षांचा असा हिशेब नाही. मूर्तिशास्त्राच्या सहलीत छिन्नी-हातोडीचा अपमान करणारी ही बडबड चालू द्यायला नको होती. छापील पुस्तिकेचीही गत तशीच. चोवीस पानांची ही पुस्तिका गुळगुळीत कागदावर आहे, पण छायाचित्रे इतकी काळवंडलेली की गण कुठला आणि खडक कुठला ते कळू नये. अभयमुद्रा आणि वरदमुद्रा यांच्या चित्रांखालची नावे एकमेकांच्या जागी. आणि सर्वांत कहर म्हणजे कैलासाचा कर्ता 'राजा कृष्णदेवराय'. हे लेणे राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले. विजयनगरचा कृष्णदेवराय सोळाव्या शतकातला. नामसाधर्म्यावरून साडेसातशे वर्षे पुढे ढकलणारी ही पुस्तिका बाईंनी छपाईआधी पाहिली नव्हती, असे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसले.

तरीही ज्या एका गोष्टीसाठी मी ही सहल विसरणार नाही ती इथेच घडली. आत शिरल्यावर समोर कमळांच्या तळ्यात बसलेली, हत्तींनी अभिषेक केलेली गजलक्ष्मी लागते. तिला पाहून आम्ही वळलो. दोन्ही बाजूंचे उंच ध्वजस्तंभ, नंदीमंडप, खाली मंदिर पाठीवर तोलून धरलेले हत्ती आणि सिंह, दक्षिणेच्या भिंतीवर ओळी-ओळींत सांगितलेले रामायण, असे पाहत आम्ही दक्षिणेच्या बाजूने आत गेलो आणि बाईंनी आम्हाला सभामंडपाच्या खालच्या अंगाला थांबवले. तिथे खोल अंधाऱ्या कपारीत रावण आहे. हा आधीच्या रावणांसारखा भिंतीला चिकटलेला नाही. मागचा खडक इतका कोरून काढला आहे की त्याचे हात जवळजवळ सुटे होऊन पोकळीत शिरले आहेत; काही तुटलेत, पण उरलेल्यांतला जोर तुटलेला नाही. वर पार्वती शंकराच्या दंडाला बिलगून मागे झुकली आहे. तिच्या पलीकडे एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. शंकर हललेला नाही.

बाईंनी विचारले, "आधीच्या लेण्यांत पर्वत कुठे होता?" आम्ही म्हणालो, पटात, रावणाच्या डोक्यावर, ठोकळ्यांचा. "इथे कुठे आहे?" ठोकळे इथेही होते. पण बाईंचे बोट त्यांच्याही वर, पटाच्या चौकटीबाहेर गेले. आम्ही मान वर केली. वर सभामंडप, त्याच्या पलीकडे शिखर, आणि शिखराच्या वर आभाळ. या देवळाचे नाव कैलास. कधी काळी त्याच्यावर पांढरा गिलावा होता, त्याचे अंश आजही इथे-तिथे दिसतात. म्हणजे ते हिमशिखरासारखे पांढरे दिसत असणार. रावण ज्याला खालून खांदा देऊन हलवतो आहे, तो पर्वत म्हणजे ज्यात आपण उभे आहोत ते सबंध देऊळ. चार लेण्यांत पट पाहिल्यानंतरच हे असे अंगावर येते. सरळ कैलासात आलेल्या माझ्यासारख्याला ते तीन भेटींत एकदाही दिसले नव्हते.

यावर एका तरुणीने नेमका प्रश्न विचारला की मूळ आराखड्यातच हे योजलेले होते का. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांच्या मते हा पट मुख्य मंदिरानंतर तीन-चार दशकांनी कोरला गेला असावा. त्याची शैली कैलासाच्याच अंगणालगतच्या लंकेश्वर लेण्यातल्या शिल्पांशी जुळते. बाईंनी हे प्रामाणिकपणे सांगितले, आणि त्यामुळे आधी सांगितलेला अर्थ कोसळला नाही, उलट जास्त जिवंत झाला. देऊळ तयार होऊन उभे होते. कुणी तरी त्याच्या भोवती प्रदक्षिणा घालताना त्याच्याकडे देऊळ म्हणून नव्हे, पर्वत म्हणून पाहिले, आणि त्याच्या पायथ्याची मोकळी जागा पाहून तिथे रावण खोदला. म्हणजे तोही आधी प्रेक्षकच होता.

इथे आम्ही पाऊण तास होतो. त्या पाऊण तासाचे सात हजार आठशे मी आनंदाने दिले असते. पण मग लंकेश्वर वरवर झाले, गंगा-यमुना-सरस्वतींचे दालन लांबूनच पाहिले, डोंगरावर चढून सभामंडपाच्या छतावरचे कमळ आणि सिंह पाहायचे ठरले होते ते रद्द झाले, कारण बसचा चालक फोनवर फोन करत होता.

ही सहल कुणासाठी आहे, हे संस्थेने जाहिरातीत स्पष्ट लिहायला हवे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी, किंवा एका फेरीत वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा उरकू इच्छिणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. ज्यांना एका मूर्तीसमोर वीस मिनिटे गप्प बसवते, त्यांनी जरूर जावे. मात्र स्वतःची विजेरी घेऊन जावे आणि पुस्तिका बसमध्येच ठेवावी. मूर्तिशास्त्राची आधी काहीही माहिती नसली तरी अडत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी दशावतार लेण्याच्या पायऱ्यांची आधी चौकशी करावी.

संस्थेला मी तीन गोष्टी कळवल्या आहेत. एक, चौदा आणि पंधरा ही लेणी दुपारी ठेवा आणि कैलासाचे अंगण दार उघडताच सकाळी, गर्दी यायच्या आत गाठा. दोन, पुस्तिका रद्द करा किंवा बाईंच्या हातात सुपूर्द करा. तीन, उशिरा येणाऱ्यांसाठी बस थांबवू नका. उत्तर नम्र आले आहे, पण त्यात तिसऱ्या मुद्द्याचा उल्लेख नाही. पुढची सहल बदामी-पट्टदकलची आहे असे कळते. कैलासाशी ज्याचे रूप इतके जुळते ते विरूपाक्ष मंदिर पट्टदकललाच आहे, तेव्हा नाव नोंदवण्याचा मोह होतो आहे. फोन करून मी एवढेच विचारणार आहे की मार्गदर्शनाला बाई आहेत की तो साहाय्यक, आणि विरूपाक्षासाठी किती तास ठेवले आहेत.